लहान देश आणि दूरचा ग्राहक : न्यूझीलंडच्या माल-निर्यातीचा विचार

परराष्ट्र व्यापाराची चर्चा करताना मोठ्या आणि लहान देशांना एकच माप लावण्याची रीत बरीच रूढ असली, तरी या दोहोंची स्थिती मुळातच वेगळी आहे. मोठ्या देशाचा परदेशी बाजार आटला तरी घरचा बाजार त्याला सावरून धरतो. लहान देशाला असा आधार नसतो, कारण इंधन, औषधे, यंत्रे आणि वाहने यांसारख्या वस्तू घरीच तयार कराव्यात इतकी मागणी त्या देशात नसते आणि त्या विकत घेण्यासाठी लागणारे परकीय चलन निर्यातीतूनच मिळवावे लागते. अर्थशास्त्रात अशा देशाला ‘भाव स्वीकारणारा’ देश म्हणतात. म्हणजे जागतिक बाजारात जो भाव निघेल तो मुकाट्याने घेण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. असा देश आपल्या ग्राहकांपासून हजारो किलोमीटर दूर असेल आणि त्याचा माल नाशवंत असेल, तर त्याने जगाच्या व्यापारात टिकावे तरी कसे, हा प्रश्न केवळ त्या देशापुरता राहत नाही.

दक्षिण पॅसिफिकमधील न्यूझीलंड हे या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. सुमारे बावन्न लाख लोकसंख्येचा हा देश आपल्या दुग्धोत्पादनापैकी जवळजवळ ९५ टक्के माल परदेशी विकतो आणि त्यातला मोठा भाग चीन, आग्नेय आशिया, श्रीलंका, अल्जीरिया अशा दूरच्या विकसनशील अर्थव्यवस्थांकडे जातो. लहान देशाचे बळ मालाच्या राशीत नसून दर्जाच्या शिस्तीत असते, त्याला खरा धोका अंतरापेक्षा एकाच ग्राहकावर टाकलेल्या भिस्तीचा असतो आणि विकसनशील देशाशी केलेला व्यापार त्या देशाच्या उत्पादकाचे हित ओळखल्याखेरीज टिकत नाही, अशी या व्याख्यानाची मांडणी आहे. तिला आधार न्यूझीलंडच्या जवळजवळ दीड शतकाच्या अनुभवाचा आहे.

अंतरावर मात

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये मेंढ्या अमाप होत्या, पण त्यांचे मांस खाणारी माणसे मात्र थोडी होती. लोकर टिकाऊ असल्याने ती लंडनला जात असे. मांसाला मात्र बाजारच नव्हता आणि म्हाताऱ्या मेंढ्यांची चरबी वितळवण्यापलीकडे त्यांचा फारसा उपयोग होत नसे. ही कोंडी शीतकरणाच्या यंत्राने फोडली. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज पोर्ट चाल्मर्स बंदरातून गोठवलेल्या मांसाचा माल घेऊन निघाले आणि ९८ दिवसांनी, २४ मे रोजी, लंडनला पोहोचले. त्याआधी माल भरत असतानाच यंत्राचा एक महत्त्वाचा दांडा तुटला होता आणि आधी भरलेला माल उतरवून स्थानिक बाजारात विकावा लागला होता. पुढे उष्ण कटिबंधात वारा पडला आणि तळघरातील थंड हवा सगळीकडे सारखी खेळेना, तेव्हा कप्तान जॉन व्हिटसन हवेच्या मार्गात नवी भोके पाडण्यासाठी स्वतः आत सरपटत गेले. थंडीने ते इतके गारठले की पायाला दोर बांधून त्यांना बाहेर ओढून काढावे लागले. यंत्राच्या धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांमुळे शिडांना आग लागण्याची भीती होती, ती वेगळीच. एवढे सारे सोसून जहाज लंडनला लागले, तेव्हा जवळजवळ पाच हजार नगांपैकी केवळ एकच नग टाकाऊ ठरला.

या घटनेचे महत्त्व केवळ तंत्रज्ञानाच्या इतिहासापुरते नाही. जहाजात माल चढवण्यापूर्वीच कत्तल, सफाई आणि गोठवणे या तिन्ही गोष्टी एका शिस्तीत कराव्या लागतात, कारण पाठवणीच्या ठिकाणी झालेली चूक तीन महिन्यांनी ग्राहकाच्या दारी उघडी पडते आणि तोवर ती सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते. दूरच्या ग्राहकाला माल डोळ्यांनी पाहून घेता येत नाही. तो विक्रेत्याच्या शब्दावर आणि शिक्क्यावर विसंबतो. प्रतवारी, सरकारी तपासणी आणि शेतकऱ्यांच्या मालकीच्या सहकारी दूध कारखान्यांचे जाळे ही न्यूझीलंडची पुढील काळातील व्यवस्था याच गरजेतून वाढली.

एका ग्राहकाची सवय

अंतरावर मात झाली, तरी तिच्यातूनच दुसरी अडचण उभी राहिली. ब्रिटन हा मातृदेश, तेथील भाषा आणि चालीरीती ओळखीच्या, तेथील कामगारवर्गाला स्वस्त मांस व लोणी हवे असलेले. त्यामुळे न्यूझीलंडचा माल पिढ्यान्‌पिढ्या त्याच एका दिशेला जात राहिला. १९३२ च्या ओटावा परिषदेत साम्राज्यातील देशांना ब्रिटिश बाजारात झुकते माप मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धात, तसेच त्यानंतर १९५४ पर्यंत, ब्रिटिश सरकारच ठरलेल्या भावाने घाऊक खरेदी करत असे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर न्यूझीलंडच्या निर्यातीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग ब्रिटनकडे जात होता. या निश्चिंततेमुळे देशाचे राहणीमान उंचावले. पण दुसऱ्या भाषेत विकणे, अनोळखी चवीचा माल तयार करणे आणि नव्या देशाच्या नियमांशी जुळवून घेणे ही कौशल्ये मात्र अंगी बाणली नाहीत.

ब्रिटनने युरोपीय आर्थिक समुदायात जाण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ही निश्चिंतता संपली. तो समुदाय बाहेरच्या शेतमालावर भारी कर लावत असे आणि स्वतःच्या शेतकऱ्यांना वाढीव भाव देत असे. १९७१ मध्ये लक्झेंबर्ग येथे झालेल्या वाटाघाटींत जॉन मार्शल यांच्या नेतृत्वाखालील न्यूझीलंडच्या प्रतिनिधींनी संक्रमणकाळासाठी सवलती मिळवल्या, पण त्या दरवर्षी आटत जाणाऱ्या होत्या. चीजला मिळालेली वाट पाच वर्षांतच बंद झाली आणि लोण्याचा वाटा टप्प्याटप्प्याने घटत गेला. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन समुदायात दाखल झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खनिज तेलाचे भाव भडकले. त्यामुळे ‘व्यापार-अटी’ झपाट्याने बिघडल्या. व्यापार-अटी म्हणजे देश जे विकतो त्याच्या भावाचे, तो जे विकत घेतो त्याच्या भावाशी असलेले प्रमाण; ते घसरले की तेवढेच तेल आणण्यासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लोणी पाठवावे लागते.

दुधाच्या भुकटीची वाट

नवे ग्राहक शोधणे भागच होते आणि ते प्रामुख्याने विकसनशील जगात होते. येथे दुधाच्या भुकटीने जे काम केले ते थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. न्यूझीलंडमधील गायी गोठ्यात बांधून नव्हे, तर मोकळ्या कुरणात वाढतात. त्यामुळे गवताच्या वाढीशी जुळवून तेथील गायी दक्षिण गोलार्धातील वसंताच्या तोंडावर, ऑगस्टच्या सुमारास वितात, दूध ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिगेला पोहोचते आणि हिवाळ्यात जवळजवळ थांबते. घरच्या ग्राहकाला रोज ताजे दूध लागते, तर तेथे काही महिने दुधाचा महापूर आणि काही महिने दुष्काळ. शिवाय गायीच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते आणि ते जहाजातून वाहून नेण्यात काहीच अर्थ नसतो. दूध आटवून, त्याचे बारीक तुषार गरम हवेत उडवून त्यातले पाणी काढले की हंगामाचा आणि वाहतुकीचा असे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. सायीसकट केलेल्या एक किलो भुकटीपासून सात-आठ लिटर दूध पुन्हा तयार होऊ शकते आणि ती शीतगृहाशिवायही महिनोन्‌महिने टिकते.

ज्या देशांत दूध कमी, विजेचा भरवसा नाही आणि घरोघरी फ्रिजही नाहीत, अशा देशांना हा माल नेमका हवा होता. न्यूझीलंड डेअरी बोर्ड ही परदेशी विक्रीचा मक्ता असलेली संस्था आग्नेय आशियात पुनर्संयोजित दुधाच्या प्रकल्पांत भागीदार झाली. पुनर्संयोजित दूध म्हणजे सायविरहित भुकटी आणि निर्जल दुग्धस्नेह यांत पाणी मिसळून ग्राहकाच्या देशातच पुन्हा तयार केलेले दूध, ज्याचे पुढे साखरयुक्त घट्ट दूध किंवा डबाबंद दूध होते. त्यामुळे कारखाना, रोजगार आणि वेष्टन ग्राहकाच्या देशात राहिले व कच्चा माल न्यूझीलंडचा राहिला. १९८० च्या दशकात इराणने मोठ्या प्रमाणावर मटण घेतले, तर परकीय चलनाची चणचण असलेल्या सोव्हिएत संघाकडून दुग्धपदार्थांच्या मोबदल्यात लाडा मोटारी घ्याव्या लागल्या. नव्या ग्राहकाकडे माल घ्यायची इच्छा असते, पण पैसे देण्याची पत नेहमी असतेच असे नाही, हे न्यूझीलंडला या व्यवहारांतून कळले.

या बाजारांत न्यूझीलंडला सर्वांत कठीण स्पर्धा गरीब देशांची नव्हे, तर श्रीमंत युरोपची होती. युरोपीय सरकारे आपल्या शेतकऱ्यांना वाढीव भाव देत आणि उरलेला माल निर्यात-अनुदानाच्या बळावर, म्हणजे तोटा सरकारी तिजोरीतून भरून काढून, तिसऱ्या जगात स्वस्तात ओतत. न्यूझीलंडनेही काही काळ शेतकऱ्यांना किमान भावाची हमी दिली. पण तिचा परिणाम असा झाला की ज्याला ग्राहकच नाही असे मांसही तयार होत राहिले आणि त्यातले काही चरबी व खतासाठी वितळवावे लागले. १९८४ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने, रॉजर डग्लस अर्थमंत्री असताना, ही मदत जवळजवळ एका फटक्यात काढून घेतली. तो निर्णय अनेक कुटुंबांना फार जड गेला. तरीही शेती कोसळली नाही. मेंढ्यांची संख्या घटली, दुग्धव्यवसाय, फळबागा आणि वनशेती वाढली आणि बाजाराचा कल पाहून उत्पादन करण्याची सवय जडली. लहान देशाची तिजोरी मोठ्या देशांच्या तिजोरीशी अनुदानाच्या शर्यतीत कधीच बरोबरी करू शकत नाही. म्हणूनच १९८६ पासून शेतमाल निर्यातदार देशांच्या केर्न्स गटात आणि पुढे जागतिक व्यापार संघटनेत न्यूझीलंडने निर्यात-अनुदानांविरुद्ध सातत्याने बाजू मांडली आणि डिसेंबर २०१५ मध्ये नैरोबी येथे ती अनुदाने बंद करण्याचा निर्णय झाला. सर्वांना बांधणारे नियम हे दुर्बलाचे सर्वांत भरवशाचे संरक्षण असते आणि लहान देशाने बहुपक्षीय व्यवस्थेचा आग्रह धरणे हा त्याच्यासाठी आदर्शवादापेक्षा व्यवहाराचा प्रश्न अधिक असतो.

चीन : जुनी चूक नव्या दिशेने

७ एप्रिल २००८ रोजी न्यूझीलंडने चीनशी मुक्त व्यापार करार केला. असा सर्वंकष करार चीनशी करणारा तो पहिला विकसित देश ठरला. मुक्त व्यापार करार म्हणजे दोन देशांनी एकमेकांच्या मालावरील आयात शुल्क ठरावीक मुदतीत टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे दिलेले वचन; या कराराखालील दुधाच्या भुकटीवरील शेवटची बंधने १ जानेवारी २०२४ रोजी उठली. करार अमलात येण्याच्या सुमारासच चीनमध्ये दुधात मेलामाइन हे रसायन मिसळल्याचे उघडकीस आले. पाणी घातलेल्या दुधात प्रथिने भरपूर असल्याचा आभास निर्माण व्हावा म्हणून ते मिसळले जात होते. त्यातून सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. या भेसळीत सापडलेल्या ‘सानलू’ कंपनीत न्यूझीलंडच्या ‘फॉन्टेरा’ या सहकारी संस्थेची ४३ टक्के भागीदारी होती. दूरच्या देशात भागीदारी घेतली की तेथील पुरवठ्याच्या साखळीतील शेवटच्या बिंदूपर्यंत देखरेख ठेवण्याची जबाबदारीही घ्यावी लागते, हा या प्रकरणाचा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला.

या दुर्घटनेनंतर चिनी पालकांचा स्थानिक भुकटीवरील विश्वास उडाला आणि आयात केलेल्या दुधाची मागणी वाढली. २०१३ पर्यंत चीन हा न्यूझीलंडचा सर्वांत मोठा ग्राहक झाला होता. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या एका उत्पादनात घातक जिवाणू असल्याचा इशारा फॉन्टेरानेच दिला आणि नंतर तो चुकीचा ठरला, तरी काही आठवड्यांतच अनेक देशांत आयातीवर निर्बंध आले. दर्जावर उभी असलेली पत किती महागात मिळते आणि किती लवकर डगमगते, हे त्यातून दिसले. मग २०१४ मध्ये चीनने साठा वाढल्याने खरेदी आवरली, रशियाने पाश्चिमात्य मालावर बंदी घातली आणि युरोपात दूध-उत्पादनावरील कोटा उठण्याच्या बेतात होता. न्यूझीलंडमधून चालणाऱ्या ‘ग्लोबल डेअरी ट्रेड’ या लिलावात सायीसकट भुकटीचा भाव टनाला सुमारे ५,००० अमेरिकी डॉलरवरून ऑगस्ट २०१५ मध्ये १,६०० डॉलरच्याही खाली आला. सायीसकट भुकटीच्या जागतिक व्यापारात पहिल्या क्रमांकावर असलेल्या देशालाही भाव ठरवता येत नाही, हे त्या लिलावाने दाखवून दिले.

येथे ब्रिटनचा इतिहास पुन्हा डोळ्यांपुढे येतो. ग्राहक बदलला, दिशा बदलली, पण निर्यातीचा फार मोठा वाटा एकाच दरवाजातून जाण्याची स्थिती तशीच राहिली. शिवाय या व्यापाराची घरची किंमतही मोठी आहे: कँटरबरीच्या मैदानांवर पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या गायींमुळे नद्या व भूजलात नायट्रेट वाढले आणि देशाच्या हरितगृह वायूंपैकी जवळजवळ निम्मे शेतीतून निघतात. भावाचा चढ-उतार शेतकऱ्याच्या कर्जात दिसतो, तर दूषित नदीचा हिशेब कोणत्याच निर्यातीच्या आकड्यात येत नाही.

ग्राहक जेव्हा उत्पादकही असतो

विकसनशील देशांशी होणारा व्यापार श्रीमंत देशांशी होणाऱ्या व्यापारापेक्षा एका बाबतीत मूलतः वेगळा आहे. लंडनच्या गिऱ्हाईकाला न्यूझीलंडचे लोणी स्वस्त मिळाले तर त्याचा फायदाच होई. कोलंबो, सुवा किंवा कोल्हापूर येथे मात्र आयात मालाच्या भावाशी तेथल्या शेतकऱ्याचे पोट बांधलेले असते. श्रीलंकेत दुधाची भुकटी ही चहाइतकीच रोजची वस्तू झाली, आणि २०२१-२२ मध्ये परकीय चलनच संपल्यावर भुकटीसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. फिजी सरकारने २००० साली मेंढीच्या पोटाजवळील अतिचरबीयुक्त मांसाच्या विक्रीवर बंदी घातली, कारण समृद्ध देशात कोणी विकत न घेणारे हे तुकडे बेटांवर स्वस्तात येत आणि लोकांच्या प्रकृतीवर त्यांचा परिणाम होत होता. विकणाऱ्याने नियम पाळले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले, असे अशा वेळी म्हणता येत नाही.

भारताशी असलेला न्यूझीलंडचा संबंध याच प्रश्नाचा दुसरा पैलू दाखवतो. आशियातील देशांना विकाससाहाय्य देणाऱ्या कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने भारताला दिलेल्या मदतीतून नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या उभारणीला हातभार लागला आणि गुजरातमधील आणंदच्या सहकारी दूध प्रकल्पालाही युनिसेफबरोबर न्यूझीलंडचे साहाय्य मिळाले. त्या प्रकल्पाचे सूत्रधार डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी दुग्धतंत्राचा अभ्यास न्यूझीलंडमध्येही केला होता. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असे त्या काळी अनेक परदेशी तज्ज्ञांचे मत होते, पण कुरियन यांचे सहकारी, दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी आणंदला ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये प्रकल्प सुरू झाला. आज भारत जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश असून त्याचे वार्षिक उत्पादन २३ कोटी टनांहून अधिक, म्हणजे न्यूझीलंडच्या सुमारे दहापट आहे. फरक मात्र रचनेत आहे: तेथे एका कळपात सरासरी चारशेहून अधिक गायी असतात, तर येथे कोट्यवधी कुटुंबे दोन-चार जनावरांवर घरखर्च चालवतात.

म्हणूनच ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताने आशिया-पॅसिफिकमधील देशांच्या प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारीच्या (आरसेप) करारातून अंग काढून घेतले, त्यामागे दुग्धव्यवसायाची चिंता हे एक मोठे कारण होते. डिसेंबर २०२५ मध्ये भारत-न्यूझीलंड मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हाही दूध, लोणी, चीज यांसारखे पदार्थ भारताने सवलतीबाहेर ठेवले. ही भीती निराधार नव्हती. महाराष्ट्रातील दूध उत्पादकाने जागतिक भावाचा चटका आयातीशिवायही सोसला आहे: जगात सायविरहित भुकटीचे साठे वाढून भाव पडले, निर्यात परवडेनाशी झाली आणि गोदामात पडून राहिलेल्या भुकटीमुळे दूध संघ व खासगी कारखान्यांनी खरेदीचा दर उतरवला. त्यातूनच जुलै २०१८ मध्ये दूध संकलन बंद पाडणारे आंदोलन उभे राहिले आणि राज्य सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर करावे लागले. शिरोळ किंवा संगमनेरच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ) पाहून मिळणारा दर ऑकलंडच्या लिलावापासून वाटतो तेवढा दूर नाही.

निष्कर्ष

या साऱ्या इतिहासातून लहान निर्यातदार देशासाठी तीन गोष्टी ठामपणे सांगता येतात. दर्जाची शिस्त ही जाहिरात नसून भांडवल आहे आणि ते जपण्यासाठी सर्वांत आधी स्वतःच्या चुकीची वार्ता ग्राहकाला कळवावी लागते. दुसरी गोष्ट अशी की निर्यातीच्या एकूण वाढीपेक्षा ती किती ग्राहकांत विभागली आहे, याकडे सरकार आणि सहकारी संस्थांनी अधिक लक्ष दिले पाहिजे. सुगीच्या वर्षांत हे करणे सोपे असते आणि नेमके तेव्हाच ते विसरले जाते. तिसरी गोष्ट विकसनशील ग्राहकाच्या बाबतीत सर्वाधिक महत्त्वाची आहे: जो देश आपला माल विकतानाच त्या देशाच्या उत्पादकाला जनावरांची निगा, दुधाची स्वच्छता, संकलन आणि प्रक्रिया यांचे ज्ञान देतो, त्याच्याकडे त्या देशाचे लोक स्पर्धक म्हणून न पाहता भागीदार म्हणून पाहतात. आणंदच्या उभारणीत न्यूझीलंडने एकेकाळी हेच केले होते.

महाराष्ट्रासाठीही यात बोध आहे. येथील द्राक्ष बागायतदारांना २०१० मध्ये युरोपने एका वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे माल नाकारल्यावर जो फटका बसला, तो दूरच्या ग्राहकाचा नियम बागेत पोहोचायला उशीर झाल्याचा परिणाम होता आणि त्यानंतर प्रत्येक बागेची नोंदणी व मालाचा माग ठेवण्याची व्यवस्था अधिक कसोशीने वापरली जाऊ लागली. न्यूझीलंडची भुकटी आयात करावी की नाही, हा वाद पुढेही चालेल आणि लहान उत्पादकाच्या संरक्षणाची बाजू त्यात न्याय्यच आहे. परंतु आयात शुल्काच्या भिंतीमागे बसून भेसळयुक्त दूध, अनियमित चाचणी आणि शेतकऱ्याच्या हाती न उरलेल्या सहकारी संस्था तशाच चालू राहिल्या, तर ते संरक्षण ग्राहकाच्याही कामाचे नाही आणि उत्पादकाच्याही नाही. लहान देशाने जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाचा विश्वास मिळवण्यासाठी जी शिस्त अंगी बाणवली, तीच शिस्त मोठ्या देशाने आपल्याच शहरातील ग्राहकासाठी बाणवणे हे खऱ्या स्वावलंबनाचे पहिले पाऊल आहे.